पाठीचा वाटा

सवाई बेट, मंगळवार

सेफोदादा,

शनिवारी तुझ्या मुलीच्या लग्नात डुकराच्या पाठीचा वाटा माझ्यापुढे मांडणार, असा तुझा निरोप पोचला. पाठ मानकऱ्याची. घराण्याची पदवी मलाही आहे, तरी बाबांच्या मातीला भरल्या गावात तू माझ्यापुढे डुकराचं डोकं मांडलंस, जे रांधणाऱ्यांना देतात. "चूक झाली रे, इओसुआ," म्हणालास आणि हसलास.

आता मी मांस सोडायचं म्हणतो आहे. आठ दिवस नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं खातो आहे. पास्टरांना वाटतं, मी तब्येतीला जपतो आहे. माझी बायको मात्र ओळखून आहे. काल म्हणाली, "तुमचा राग तुम्ही गिळा, पण वाटा घरी आणा. पोरं काय तुमचा मान चावणार?"

तरी मी तो घरी आणणार नाही. दोन्ही हातांनी तुझ्याकडे सरकवीन आणि नम्रपणे म्हणेन, "दादा, मी मांस खात नाही." नव्या व्याह्यांसमोर परत आलेला वाटा तुला जन्मभर पुरेल.

हे पत्र मी टाकणार नाही. आधी कळलं तर तू माझ्यापुढे अळूच मांडशील आणि मला परत करायला काही उरणार नाही.

लागवडीपासून औषधापर्यंत सगळं मी देवाला विचारून करतो. एवढं मात्र विचारलेलं नाही. तो काय म्हणेल, ते मला ठाऊक आहे.

तुझा धाकटा,
इओसुआ