सूर्यफुलाच्या पाकिटातला चिवडा

भीमपूर,
ता. १० एप्रिल २०२२

ती. रुख्मिणीआत्यास,
प्रगतीचा सविनय जयभीम. वि. वि.

आमच्या शाळेतल्या कुलदीप सरांच्या हाती पाठवलेल्या कैऱ्या पोचल्या. सासूबाईंनी त्याच दिवशी तक्कू केला आणि आदिलाबादच्या कैऱ्यांना आंबटपणा कमी असतो, असंही सुनावलं. माझ्या माहेरचं काहीही आलं की आमच्या या बयनाबाईंना त्यात एक खोट काढावीच लागते, हे तुला ठाऊकच आहे.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं तू वाचत नाहीस, म्हणून ही अडचण सविस्तर लिहिते. आमच्या बचत गटाच्या ज्वारीच्या पोह्यांच्या चिवड्यासाठी नवी पाकिटं छापून आली. पिवळंधमक सूर्यफूल आणि खाली ठळक अक्षरांत ‘फक्त सूर्यफूल तेलात तळलेला’. पाकिटं आली आणि तेलच गेलं. आपल्याकडे येणारं सूर्यफुलाचं तेल बहुतेक युक्रेन-रशियाकडून यायचं, हे मला आत्ता लढाई पेटल्यावर कळलं. मार्केटमधला व्यापारी म्हणाला की जहाजच येत नाही तर मी कुठून देऊ, सोयाबीनचं घेऊन जा.

सासूबाईंचं म्हणणं, सोयाबीनच्या तेलात तळायचं आणि गप्प बसायचं. मीठ-मसाला तोच, जिभेला काय कळतं! त्यात माझ्या भावानं, आपल्या हर्षदीपनं, इंग्लंडहून भर घातली. तो काम करतो त्या बिस्किटांच्या कारखान्यात सूर्यफुलाऐवजी मोहरीच्या जातीचं दुसरं तेल वापरताहेत आणि पाकिटं जुनीच. लढाईमुळे तिथल्या सरकारनंच तशी मुभा दिली आहे. हे ऐकून सासूबाईंना जोरच चढला. तिथलं सरकार चालवून घेतं, तर भीमपूरच्या बायांनी काऊन भ्यावं, म्हणाल्या. जयंतीच्या आधी गुडीहत्नूरला पंढरीच्या दुकानात माल द्यायचा आहे. गटाची अध्यक्ष मी, पण कढईसमोर त्या. मी काय करू?

पायाला तेल लावत जा. सूर्यफुलाचं नसलं तरी चालेल. तुझी आठवण रोज निघते, तशी तूही काढत जा.

तुझी,
प्रगती

*

आदिलाबाद,
ता. १३ एप्रिल २०२२

चि. प्रगतीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र वाचून आधी हसले. लढाई कुठली आणि भांडण कुठलं! पण मग हसू गेलं.

मी चौथीचा वर्ग शिकवलेली बाई, कायदा मला सांगता येणार नाही. हर्षदीपला एवढंच विचार, की तिथल्या सरकारनं ते गुपचूप चालवून घेतलं, की लोकांना सांगून? अर्धी बातमी सोयीची असते.

आता माझं सांगते. तुझे आतोबा होते तोवर दुकानात मला कोणाचं ऐकावं लागत नव्हतं. ते विचारायचे आणि हातानं खुणावून मला सांगायचे. आता एकटी जाते. दुकानदार बोलतो, त्याचे ओठ हलतात. मागं रांग लागलेली असते, लोक खेकसतात तेही कळतं. पुन्हा पुन्हा विचारायची लाज वाटते गं. म्हणून मी पाकीट हातात घेते, चष्मा लावते आणि शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचते. साखर किती, तेल कोणतं, तारीख कोणती. दुकानात माझ्याशी फक्त पाकीटच बोलतं. तेही खोटं बोलायला लागलं, तर मी कोणाला विचारू?

बयनाबाईंना माझ्याकडून राग येईल असं काही सांगू नकोस. पण हे एवढं वाचून दाखव.

उद्या जयंती. पांढरी साडी धुऊन ठेवली आहे. लेकीसारखी माया केलीस, तशीच करत राहा.

तुझी आत्या,
रुख्मिणी

*

भीमपूर,
ता. २५ एप्रिल २०२२

ती. आत्यास,
प्रगतीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा उशीर झाला होता. जयंतीच्या घाईत माल तळून, सूर्यफुलाच्या पाकिटांत भरून गुडीहत्नूरला गेलाही होता. मी अडवलं नाही. मला वाटलं, एवढ्या एका खेपेनं काय होतंय.

पत्र मी सगळ्या बायांसमोर वाचलं. सासूबाईंनी झारा आपटला आणि म्हणाल्या की पेन्शनवर बसून शहाणपण शिकवणं सोपं असतं, आत्याबाईला म्हणावं एक दिवस भट्टीपुढं उभी राहा. त्यानंतर घरात अबोला. भाकरी वाढायची तर ती माझ्या नवऱ्याच्या हातून माझ्या ताटात.

मधे हर्षदीपचा फोन आला. तुझा प्रश्न मी त्याला विचारला. तिथं आधी तपासलं म्हणे, की या दुसऱ्या तेलानं कोणाला अपाय होतो का. मग टीव्हीवर, पेपरात जाहीर केलं, की लढाई आहे, तेल नाही, काही पाकिटांत दुसरं असेल. मुभा होती, पण सांगून होती. हे मी स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हटलं. सासूबाई पाठमोऱ्या होत्या. तशाच त्यांनी मला एकच विचारलं, की तुझ्या आत्याला ऐकू येणं कधीपासून बंद झालं. मी सांगितलं. तू आतोबांच्या मागं एकटीच बाजार करतेस, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माल परत आणायला मी गुडीहत्नूरच्या बसला निघाले, तर त्या माझ्याआधीच थांब्यावर उभ्या, काखेत रिकामं पोतं.

पंढरीच्या दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी सगळं खरं सांगितलं. तो भडकलाच. सांगायचंच होतं तर माणसांसमोर काऊन सांगितलं, म्हणाला, माझ्या दुकानाचं नाव गेलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात सासूबाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या की तळला आमी, भरला आमी, आमीच सांगून राह्यलो, तुमच्या नावाला काय झालं? तिथं उभी असलेली एक बाई हातातलं पाकीट ठेवून निघून गेली. तिच्या मुलाला सोयाबीन चालत नाही, अंगावर गांध्या उठतात, असं म्हणाली. ते ऐकून सासूबाईंचा चेहरा उतरला. उरलेली पाकिटं आम्ही पोत्यात भरली. पंढरीनं बजावलं, पुन्हा येऊ नका.

येताना बसमध्ये त्यांनी मला खिडकीजवळची जागा दिली.

आता आम्ही हातानं चिठ्ठ्या लिहून पाकिटांवर चिकटवतो आहोत, मराठीत आणि तेलुगूत: ‘युध्दामुळे सूर्यफूल तेल मिळत नाही. हा चिवडा सोयाबीन तेलात तळला आहे.’ हे चालतं का, म्हणून आदिलाबादच्या अन्नतपासणीच्या ऑफिसात अर्ज दिला. तिथले साहेब म्हणाले, वरून उत्तर येईपर्यंत दुकानात ठेवू नका. त्यामुळे माल घरात पडून आहे. दोन बाया गट सोडून गेल्या. आत्या, खरं सांगून मला अजून हलकं वाटत नाही. पण तुला लिहिताना थोडं वाटतंय. असाच आधार दे.

तुझी,
प्रगती

*

आदिलाबाद,
ता. ३ मे २०२२

चि. प्रगतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र उशाशी ठेवलं आहे. ‘युध्द’ नव्हे, ‘युद्ध’. चिठ्ठीवर दुरुस्त कर, शिक्षिकेची भाची आहेस.

आता इंडोनेशियानं पामचं तेल बाहेर पाठवणं बंद केलंय. बसस्टँडजवळच्या हॉटेलात भजी लहान झाली, आणि मालक त्याचं कारण कोणाला सांगत नाही. तुम्ही सांगितलंत.

बयनाबाईंना निरोप दे, की त्यांचं बोलणं मला लागलं नाही. भट्टीची धग मी सोसली नाही, हे खरंच आहे. पण भरल्या दुकानात सुनेच्या पुढं उभी राहणारी सासू मी पाहिली नव्हती. त्यांना माझा जयभीम, दोन्ही हात जोडून.

गेलेल्या बाया येतील. न आल्या तरी तू रागावू नकोस. माझा जीव तुझ्यापाशी आहे, तो सांभाळ.

तुझी आत्या,
रुख्मिणी

*

भीमपूर,
ता. ५ जून २०२२

विहीणबाईस,
बयनाबाईचा जयभीम.

म्या सांगून राह्यली आन् प्रगती लिहून राह्यली. म्या बोलते तसंच लिही, सुधरू नको, असं तिला बजावलं हाये.

हापिसातून हो म्हणून कागद आला. मंग पंढरी सोता इथं आला. म्हणे, लढाईच्या चिठ्ठीवाला चिवडा कुठं गेला म्हणून ट्रकवाले विचारतात. म्या त्याला आधी चहा पाजला, मंग माल देला. गेलेल्या दोघीतली एक परत आली, एक नाई आली.

सरकारनं बाहेरच्या तेलावरचा कर काढला म्हणतात, सूर्यफुलाचं तेल बाजारात पुन्हा दिसून राह्यलं. आता आमच्या गटात नवं भांडण. कोनी म्हणते जुनं तेल, कोनी म्हणते सोयाबीन आपल्याच वावरात होते, तेच ठेवा. म्या म्हटलं, नव्या पाकिटावर तेलाची जागा कोरी छापा. जे तेल कढईत, ते नाव हातानं लिहू. लढाई कवा थांबन आन् कवा दुसरी लागन, कोनाले ठाऊक.

पन आमच्या बायांचं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय. तुमचं अक्षर प्रगतीनं दाखवलं. म्या बोटानं चाचपून पाह्यलं, मोत्याचे दाने.

तुमी एकल्या काऊन राहता तिथं? पोरगी रोज तुमचं नाव काढते. माही जीभ तिखट हाये, ते खरं. पन तुमच्याशी बोलताना म्या समोर येऊन, हळू बोलीन. नाई कळलं तर पुन्हा सांगीन. धा वेळा सांगीन, खेकसनार नाई.

कुलदीप सर पुढल्या सोमवारी तिथून इकडं येतात, त्यांच्यासंग निघा. मनात काई धरू नका, माया धरा. आन् या पत्राचं उत्तर लिहू नका. तुमीच या.

तुमची विहीण,
बयना