ठरावाने वारलेल्या मावशीस

तीर्थरूप मावशीस,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली नुसती खिडकीत ठेवून बघत बसतेस?

मी आठवीत असताना तुला विचारलं होतं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तू काय करायचीस? "काही नाही गं, नुसत्या वायरी खोचायचे," असं म्हणून तू मटार सोलायला लागलीस. ते मी तीस वर्षं खरं मानलं. परवापर्यंत.

परवा आम्ही गाडीने निघालो होतो. ह्यांनी जवळचा रस्ता घेतला (ह्यांचा जवळचा रस्ता म्हणजे काय, ते तुला सांगायला नको), इंजिन तापलं आणि ते निवेपर्यंत सावली हवी म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरलो. 'आपल्या गावचे अपरिचित वीर'. तीन खोल्या, दोन पंखे, त्यातला एक चालू. पहिल्या खोलीत एका न्हाव्याची पेटी (त्याने नेमकं काय केलं ते पाटीवर मावलं नव्हतं), दुसरीत विहिरीतून दोन मुलं वर काढणाऱ्या शिंपिणीचं मशीन. तिसऱ्या खोलीत तू.

मावशी, तूच. फोटोत तुझ्या दोन वेण्या, कानांवर हेडफोन, खाली जन्माचं साल, एक छोटी रेघ आणि मृत्यूचं साल. माझी लेक सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आई, मावशीआजी तर रविवारी आपल्याकडे जेवून गेली."

पाटीवर लिहिलं होतं की धरण फुटणार असं कळल्यावर सगळं ऑफिस पळालं, तू एकटी थांबलीस, आणि पाणी गुडघ्याला लागेपर्यंत नदीकाठच्या दोनशे चौदा घरांना एकेक करून फोन लावलेस. आणि आम्ही? फोन वाजला की तू उठून आत जातेस म्हणून तुला हसत आलो. त्यात सगळ्यात पुढे मी. (हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.)

तिथली देखरेख करणाऱ्या गृहस्थांना मी सांगितलं की या बाई हयात आहेत. वाटलं, ते आनंदाने उडी मारतील. त्यांनी आधी दार लोटलं.

"हळू बोला, ताई. हयात असल्या तर भिंतीवरून उतरवावं लागेल. नियम आहे."

जिवंत माणूस पुढे काय करील सांगता येत नाही, म्हणून तिथे वीर फक्त मयत. त्यांनी तुला दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही, तेव्हा समितीने बैठकीत ठराव करून तुला मृत केलं. एकमताने. पत्ता मी बघितला, तुझा आत्ताचाच होता. म्हणजे पत्रं पोचली. तू ती फोडलीच नाहीस ना?

मग त्यांनी तू वारल्याचा एक फॉर्म पुढे सरकवला. मृत व्यक्तीशी नातं: भाची. मी सही केली, मावशी. तुझा फोटो उतरवताना मला बघवला नसता. ह्यांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि बाहेर आल्यावर मला वेड्यात काढलं.

तुझी, आणि आता कागदोपत्री तुझ्या माघारी उरलेली,
भाची

ता. क. पाटीवर नसलेली एक गोष्ट. दोनशे तेरा घरांनी फोन उचलला, एकाने नाही. फोटोखाली काचेत तुझी ड्यूटीची वही ठेवलीय, तिच्यात त्या नंबरापुढे अकरा खुणा आहेत, म्हणजे अकरा वेळा लावलास. ते घर देखरेख करणाऱ्या याच गृहस्थांचं, त्यांनीच सांगितलं. शेजाऱ्यांची हाक ऐकून ते सगळे आधीच टेकडीवर पोचले होते, शेळीसकट. घंटा रिकाम्या घरात वाजत होती. दोन्ही पत्रांत एवढंच लिहिलं होतं.

आणखी एक ता. क. पुढच्या महिन्यात तिथे समारंभ आहे. मृतांच्या नातेवाइकांनी पाच मिनिटं बोलायचं. मी बोलीन. तू शेवटच्या रांगेत बस, कुणी विचारलं तर तू तुझीच धाकटी बहीण म्हणून सांगीन. त्या गृहस्थांची आई, त्याच न उचललेल्या फोनच्या घरातली, अजून आहे, वय पंच्याऐंशी. तू आहेस हे फक्त तिला सांगायचं त्यांनी कबूल केलंय. तू नाहीच म्हणशील, तरी विचारते: पाच मिनिटं तिच्या शेजारी बसशील?