राणीच्या कपाळावरची चूक

अहो डायरेक्टर,

पडवीत तुमच्या सुतकाला आलेली माणसं तुमच्याच चुका बघून हसतायत. तोंडाला टॉवेल लावून हसतायत, दुःखाचं घर आहे ना! आपल्या रामनगरच्या जावयानं तुमच्या 'सोनकेवड्याची राणी' सिनेमातल्या चुका वेचून, एकाला एक जोडून मोबाईलवर सोडल्या. त्या गुंदपासून अणशीपर्यंत गावोगाव पोचल्या. तुम्ही गेल्याचं कळवायला आपली लेक नंदा फोन करत होती, तर एकजण आधी हळहळला आणि लगेच म्हणाला, "ताई, तेवढा त्यो बैलाचा तुकडा पाठव की."

उद्या तुमचा दहावा. सकाळी बायका मला व्हाळाच्या पाण्यावर नेणार, माझं कुंकू पुसणार, बांगड्या फोडणार. त्याच्या आत मला तुमच्याशी बोलायचंय. जिवंतपणी माझं बोलणं तुम्ही एकदाही शेवटपर्यंत ऐकलं नाहीत, मधेच पायात चप्पल घालून बाहेर पडायचात. आता पडा की!

कसलं वेड होतं हो ते? अणशीच्या रानात शहरातले शूटिंगवाले आले, तुम्ही त्यांच्या पेट्या उचलायला गेलात आणि परत आलात ते टोपी उलटी घालूनच. त्यांच्यातल्या कुणाचं तरी बघून घड्याळसुद्धा उजव्या हातात बांधायला लागलात. जत्रेतलं नाटक तुम्हाला एकदम हलकं वाटायला लागलं. लग्नाची कॅसेट काढणारा एक कॅमेरावाला रामनगरातून पकडून आणलात, पेटी-तबला जमवलात. राक्षस, पऱ्या, शाप लागून दगड झालेला राजा, त्याला गाण्यानं जागं करणारी राणी, सगळं आपल्या वाडीतल्या माणसांत वाटलंत. गाणीही तुमचीच, चालीही तुमच्याच.

आणि चुकाही तुमच्याच!

राजा पांढऱ्या बैलावर बसून रानात शिरतो आणि तांबड्या बैलावर बसून बाहेर येतो. का, तर पांढऱ्याचा मालक मधेच बैल नांगराला घेऊन गेला. पऱ्यांच्या गाण्यात पहिल्या कडव्याला मागं हिरवंगार भात, दुसऱ्याला नुसती कापलेली खुंटं, तिसऱ्याला परत हिरवं. एका गाण्यात दोन पिकं काढलीत तुम्ही! राजाचं काम करणाऱ्या बाबूचे वडील मधेच वारले, त्यानं डोकं भादरलं, मिशी उतरवली. तुम्ही त्याच्या मुकुटात टॉवेल कोंबलात आणि कोळशानं मिशी काढलीत. ती घामानं ओघळून गाणं संपेपर्यंत हनुवटीवर येते. आणि राजा शाप लागून पडतो, नेमका तेव्हाच बसचा हॉर्न! दिवसाला एकच बस, बाबूला जोयड्याला जायचं होतं. मरायला टेकलेला राजा मान उचलून बस कुठवर आली ते बघतो.

ह्या सगळ्याला मीही हसले आहे. तुम्हाला राग यायचा म्हणून जरा जास्तच मोठ्यानं हसायचे.

एका चुकीला मात्र मी कधी हसले नाही. जावयानं तिला सगळ्यात शेवटी ठेवलंय आणि वर लिहिलंय, 'कुंकू हाय, कुंकू न्हाई, कुंकू हाय!' राजा दगड झाल्यावर राणी शोक करते, त्या गाण्यातली चूक. पहिल्या कडव्याला राणीच्या कपाळावर कुंकू आहे. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला परत आहे, आणि राजा तर अजून दगडच! लोक म्हणतात, राजा उठणार हे राणीला आधीच ठाऊक होतं.

राणीच्या कामाला बाई मिळेना तुम्हाला. आठवतं का? जिचा नवरा जिता आहे ती मोकळं कपाळ घेऊन उभी राहायला तयार होईना. जिचा नवरा गेलाय तिला पहिल्या गाण्यात कुंकू लावून नाचायला कोण देणार? आख्ख्या वाडीत राणी होऊ शकेल अशी बाईच नव्हती. शहाण्या माणसानं गोष्ट बदलली असती, तुम्ही बायको उभी केलीत. "तुझा गळा लई गोड हाय, शेवंती," म्हणालात. उभ्या संसारात तेवढं एकदाच म्हणालात, आणि मी खुळी, विरघळले.

पण मी अट घातली होती. गाते, रडते, मातीत लोळते, कुंकवाला हात लावणार नाही. तुम्ही "बरं बरं" म्हणालात. पहिलं कडवं तसंच झालं. मग तो कॅमेरावाला म्हणाला, "राजा मेलाय न्हवं? मग राणीच्या कपाळाला कुंकू कसं?" झालं! परक्या माणसानं चारचौघांत तुमची चूक काढली. तुम्ही त्याला कॅमेरा चालू ठेवायला सांगितलंत. मी गायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाजूनं आलात, डाव्या हातानं माझी मान धरलीत आणि उजव्या अंगठ्यानं माझं कुंकू पुसलंत.

वाडीतल्या सगळ्या बायका कडेला उभ्या होत्या, पऱ्यांचे पुठ्ठ्याचे पंख पाठीला बांधून. एकीच्याही तोंडून "अहो, हे काय" निघालं नाही. मी रडले. नाटकातलं नाही, खरं रडले. आणि तुम्ही ओरडलात, "व्हय, असंच! थांबू नको, गा!" आणि मी गायलेसुद्धा. आज स्वतःचाच राग येतो.

कडवं संपल्यावर घरी पळाले, आरशासमोर उभी राहून कुंकू लावलं आणि परत आले. परत हात पुढं केलात तर चावेन म्हणाले. कॅमेरावाल्याला निघायची घाई होती, म्हणून तिसरं कडवं तुम्हाला तसंच घ्यावं लागलं. वर मलाच बोललात, की बाई, तुझ्यापायी सिनेमा बिघडला.

आत्ती, तुमच्या आई, शूटिंगकडं कधी फिरकल्या नव्हत्या. पण संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर गेलंच की सुनेचं कपाळ आज मोकळं होतं. तुम्ही दारात पाय धूत होतात. त्यांनी विचारलं आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तिनंच पुसलं, आई. मी नको नको म्हणत हुतो. कामाची हौस लई."

मी चुलीपाशी होते. म्हटलं, "खोटं बोलतायत." आत्ती म्हणाल्या, "माझा ल्योक सवताच्या मरणाला हात लावंल व्हय गं?" आणि तुम्ही? पाय पुसलेत आणि जेवायला बसलात. भात परत मागून घेतलात.

का बोललात हो तसं? आईची एवढी भीती? का खरं सांगितलं असतं तर सिनेमा बंद पडला असता? आणि त्या पंखवाल्या बायका? आधी गप्प बसल्या त्या तुम्ही सिनेमातून काढाल म्हणून, आणि मग गप्प बसायची सवयच लागली त्यांना.

जत्रेत देवळामागं टीव्ही मांडून सिनेमा दाखवलात तेव्हा दुसऱ्या कडव्याला माणसं ढसाढसा रडली. "काय काम केलंय!" म्हणाली. तुम्हाला नारळ आणि टॉवेल मिळाला. मला काय मिळालं ते सांगते. तुम्हाला ताप आला, कारण मी. जीप उलटून तुमचा पाय मोडला, कारण मी. रानडुकरांनी भात लोळवलं तरी मीच. 'जित्या नवऱ्याचं कुंकू पुसलेली.' हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. कुणाची ओटी भरायला माझा हात चालेना. नंदाच्या लग्नात, माझ्या पोटच्या पोरीच्या लग्नात, पहिली हळद लावायला तुमची चुलत वहिनी पुढं झाली आणि मी मागच्या दारी भांडी घासत बसले. नंदा मान वळवून मला शोधत होती. तुम्ही मांडवातच होतात. 'मी पुसलं' एवढंच म्हणायचं होतं हो. जीभ झडली असती का?

आणि एवढं करून मेलात कधी? म्हातारे होऊन, दात पडून, नातवंडं खेळवून, आदल्या दिवशी दोन वाट्या खीर खाऊन! तरी तिरडी बांधताना एकजण म्हणालाच, "शेवटी लागलंच बघा ते कपाळ पुसल्यालं." इतक्या वर्षांनी लागतं होय? कसलं हे मरतुकडं विष!

जत्रेतल्या त्या बारक्या टीव्हीवर, गोंगाटात कळलं नव्हतं ते आता मोबाईलवर लख्ख दिसतं. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला चित्रात एक हात येतो. जावयानं तिथं चित्र थांबवून मोठं केलंय, मनगटावरच्या घड्याळाभोवती लाल गोल काढलाय आणि लिहिलंय, 'राजवाड्यात घड्याळ!' माणसं घड्याळाला हसतात. तो हात काय करतोय ते कुणी बघत नाही. कुंभारवाड्याच्या हॉटेलात तुम्हालाही दाखवलं होतं म्हणे. तुम्ही चहा पीत पीत म्हणालात, "घड्याळ काढायचं ऱ्हाऊन गेलं बघा." जावई घरी येऊन कौतुकानं सांगत होता, मामा किती मोठ्या मनाचे, स्वतःच्या चुकीला हसतात! त्या दिवशी मी तुम्हाला जेवायला वाढलं नाही आणि तुम्हाला कारणही कळलं नाही.

आत्तींनी तो सिनेमा कधीच पाहिला नव्हता. "त्या अपशकुनाचं तोंड बघणार न्हाई," म्हणायच्या. आज दुपारी मी त्यांच्या खाटेशी जाऊन बसले. नव्वदी गाठून खाटेला खिळल्या असल्या तरी डोळे चांगले आहेत त्यांचे. मोबाईल त्यांच्या नाकाशी धरला. हात आला, अंगठा कपाळावरून फिरला. लहानपणी कोयता लागून अर्धं नख गेलेला तुमचा अंगठा. हळद भरून त्यांनीच बांधला होता ना? आणि मागून तुमचा आवाज, "हलू नको. गप उभी ऱ्हा."

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मी खाट ओढली, भिंतीच्या बाजूला जाऊन बसले आणि परत लावलं. त्यांनी डोळे मिटले, तर मी आवाज वाढवला. "बास गं, शेवंती," म्हणाल्या. मी म्हटलं, "आणखी एकदा, आत्ती. मला रोज दिसतंय ते, तुम्ही आज तरी बघा." कीव? नाही आली बघा. वाट पाहिली, तरी नाही आली.

शेवटी त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. माझ्याशी चांगलं बोलतील. त्या म्हणाल्या, "बघितलं मी. पण भायेर कुणाला दाखवू नको. मेल्याल्या माणसाची अब्रू हाय."

तुमची अब्रू! आणि मी इतकी वर्षं काय नेसून हिंडले मग? मी हात सोडवून घेतला.

आत्ताच तुळसाक्का येऊन गेली, उद्याचं सांगायला. हीच ती, पंख बांधून सगळ्यांत पुढं उभी होती. "लवकर अंघोळ करून बस. रीत हाय, मनाला लावून घिऊ नको," म्हणाली. आणि अंगणात उतरताना बरोबरच्या बाईला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "डोळ्याला टिपूस न्हाई बघ. नवरा गेलाय का शेळी?"

तर माझा शब्द ऐकून ठेवा. उद्या त्या येतील तेव्हा मी अंघोळ करून, ठसठशीत कुंकू लावून दारात उभी असेन. तुमचा हात सगळ्यांना दाखवीन, आवाजासकट, तुमच्या आईच्या देखत. मग कपाळ पुढं करीन आणि म्हणेन, त्या दिवशी जिनं हे डोळ्यांनी बघितलं आणि तोंड उघडलं नाही, तिनं पुढं यावं आणि पुसावं. तुळसाक्का, पहिली तू ये. बघूच कुणाचा हात उठतो.

हे कुंकू राहील. तुमच्यासाठी राहील असा गैरसमज नको. तुमच्या नावाचं होतं ते तुम्ही पुसलंत. घरी पळत येऊन आरशासमोर लावलं ते माझं.

आणि रडण्याचं म्हणाल, तर नवरा मेल्यावर बाई जेवढी रडते तेवढी मी तुमच्यासाठी रडून घेतली आहे. दुसऱ्या कडव्याला. कॅमेरा चालू होता.

शेवंती