लेथवरचा टिळा

खंडेनवमी, १९७८
नाशिक

आज तुकाराम स्वतःहून बोलला. गेल्या खंडेनवमीला त्याने माझ्या लेथच्या बेडवर हळद-कुंकू वाहिलं आणि मी ते सगळ्यांसमोर पुसलं. तेव्हापासून अबोला. पुसलं ते बरोबरच. बेडच्या घासलेल्या पट्ट्यांवरूनच हत्यार सरकतं, तिथे एक कण राहिला तरी काम बिघडतं, हे मी कुठल्या शाळेत नाही, हाताने शिकलोय. पण एकाच पाळीत, शेजारच्या मशीनवर, वर्षभर मुकाट्याने? माणूस कायमचा तुटला की काय, हेच डोक्यात.

आज तो पूजेचं ताट घेऊन समोर उभा राहिला. "मिस्त्री, तुमचा देवावर विश्वास नाय, माझा हाय. टिळा कुठं लावू, तुम्हीच सांगा."

मी मोटरच्या झाकणावर बोट ठेवलं. "इथे लाव. इथे काही बिघडत नाही."

"देवाला चालतंय. तुम्हाला चालंल ना?"

आरतीला मी दरवर्षी बाहेर चहाला जातो. आज लेथपाशीच थांबलो. हात जोडले नाहीत. जोडले असते तर ती त्याची थट्टा झाली असती. त्यालाही ते कळलं असावं. खोबरं देताना म्हणाला, "परसाद म्हणून नका घेऊ, मी दिलं म्हणून घ्या." घेतलं. गोड होतं.

संध्याकाळी भोंग्याआधी रोजच्यासारखं मशीन पुसलं. बेड, चक, हँडल, शेवटी झाकण. टिळ्याभोवतीचं तेल तेवढं टिपलं. टिळा किती दिवस टिकेल कोण जाणे. माझ्या फडक्याने तरी जाणार नाही.