ब्रेकच दाबला होता

४ नोव्हेंबर, सोमवार
सिम्युलेटरच्या पेडलमध्ये दोष नाही! मेकॅनिकने सकाळी खोलून, दोनदा मोजून सांगितलं — “बाई, पेडल ठणठणीत आहे. चूक पायाची.”

म्हणजे गेल्या वर्षी मी बाद केलेल्या सहा नोंदी खऱ्या होत्या. चाळीस जणांना सिम्युलेटरवर बसवलं होतं — खरी सीट, खरी पेडलं, समोर आणि मागे रस्त्याचे पडदे. अचानक ट्रक आडवा येतो, गाडी आपणहून ब्रेक लावते. सहा जणांच्या नोंदीत नेमक्या त्या क्षणी ॲक्सिलरेटर तळापर्यंत! असं कोण करेल? सेन्सर बिघडला असणार, असं मीच ठरवलं आणि नोंदी बाद केल्या. उरलेल्या चौतीस जणांवरून कॉम्प्युटरमधला चालक घडवला. सगळे त्याला ‘शहाणा’ म्हणतात. दोन हजार वेळा त्याने आमची ही नवी, आपणहून ब्रेक लावणारी गाडी तपासली. पास!

पण ॲक्सिलरेटर जोरात दाबला की गाडी समजते, चालकाला पुढे जायचंय — आणि स्वतःचा ब्रेक सोडून देते. शहाण्याने तो कधी दाबलाच नाही. गाडीची परीक्षा झालीच कुठे?

५ नोव्हेंबर, मंगळवार
साहेबांना सांगितलं — त्या सहा जणांवरून दुसरा चालक घडवते, गाडी पुन्हा तपासू. “पंधराला माझी सही, मग गाडी कारखान्यात. आणि तुम्ही आता कोण वेडा आणलात?”
“वेडा नाही, साहेब. वेंधळा.”
“ब्रेक समजून ॲक्सिलरेटर? तीस वर्षं चालवतोय मी. असं होत नसतं हो. लोक थापा मारतात.”
तरी तीन दिवस दिले.

माझ्याच तीन वर्षांच्या कामात मीच खोट काढतेय. नवरा म्हणाला, “आपल्याच पायावर धोंडा!” असू दे. ही गाडी लाखभर लोक घेतील. त्यातले सगळे शहाणे नसणार.

७ नोव्हेंबर, गुरुवार
वेंधळा तयार. दोनशे वेळा पळवला. सत्तावीस वेळा ट्रकवर!

८ नोव्हेंबर, शुक्रवार
काय दिवस! सावकाश लिहिते.

साहेब म्हणाले, “कॉम्प्युटरमधला वेंधळा कोणीही करेल. हाडामासाचा दाखवा.” म्हणून नणंदेला बोलावलं. गणिताची शिक्षिका, वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. ट्रक आला, गाडीने धाडकन ब्रेक लावला — आणि बाईसाहेब थेट ट्रकमध्ये.

“वहिनी, मी ब्रेकच दाबला! शपथ!”
पायाजवळच्या कॅमेऱ्याची फिल्म दाखवली. वाकून पडद्याजवळ गेली. मग म्हणाली, “चप्पल तर माझीच दिसतेय.”

साहेब हसत सुटले. मेकॅनिक हळूच म्हणाला, “साहेब, तुम्ही बसा ना एकदा.”

बसले. पहिल्यांदा ट्रक — बरोबर ब्रेक. दुसऱ्यांदाही. सातांत एखादाच चुकतो, हे मलाच माहीत. तिसऱ्यांदा मेकॅनिकने ट्रक दिलाच नाही. गाडी मागे घ्यायला लावली. साहेब मान मागे वळवून आम्हाला सुनावत होते — “बघितलंत? डोकं शांत पाहिजे, मग पाय—” आणि मागच्या पडद्यावर सायकलवाला. गाडीने हिसका देऊन ब्रेक लावला. साहेबांचा पाय खाली गेला तो तळापर्यंत. ॲक्सिलरेटर!

“मी ब्रेकच दाबला!” शब्दन् शब्द नणंदेचा.

कोणी हसलं नाही. मेकॅनिकने फिल्म लावली. साहेबांनी चार वेळा पाहिली. मला एवढंच म्हणाले, “ब्रेक सोडायचा नियम बदला. मंगळवारपर्यंत.” आणि निघून गेले.

मी जिंकले! पण त्यांचा चेहरा असा का उतरला होता?

१२ नोव्हेंबर, मंगळवार
शून्य!! वेंधळा दोनशे वेळा पळाला, एकही धडक नाही. गाडीने ब्रेक लावला त्याच क्षणी कोणी दचकून ॲक्सिलरेटर दाबला, तर ती आता ब्रेक सोडत नाही. पाय शांतपणे दोन सेकंद दाबून धरला तरच ऐकते. शहाण्याच्या दोन हजार चाचण्याही पुन्हा पास. मेकॅनिकने माझ्या हातावर जोरात टाळी दिली, अजून चुरचुरतेय. नणंदेचा फोन — “माझ्या चपलेचं नाव द्या नियमाला!”

१४ नोव्हेंबर, गुरुवार
साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, तीन वर्षांपूर्वी वडिलांनी गाडी औषधाच्या दुकानाच्या भिंतीवर घातली. मागे घेताना. कोणाला लागलं नाही. ते एकच सांगत राहिले — ब्रेकच दाबला होता.

“मी सगळ्यांसमोर म्हणालो, बाबा, या वयात खोटं बोलू नका. किल्ली काढून घेतली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात.”

मग म्हणाले, “माझ्या पायाची ती फिल्म द्याल?”

दिली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
सही झाली. गाडी निघाली.

साहेबांनी काल घरी फिल्म दाखवली. बाबांनी चष्मा लावून दोनदा पाहिली म्हणे. मग म्हणाले, “पाय माझ्यावर गेलाय तुझा.”

सोमवारी सकाळी दहाला दोघे सिम्युलेटरवर येणार आहेत. गाडी बाबा चालवणार, साहेब शेजारी बसणार.