स्पेसरखालचा तांबडा रंग

उस्ताद,

तुमचे गुडघे आता कसे आहेत? तिथे खड्ड्यात उतरून गाडीखाली वाकावं लागत नसेल, म्हणजे बरेच असावेत. चाचींचा दमा? समोरचे वेल्डरमामाही यंदा तुमच्याकडे आले. त्यांच्या डोळ्यांची आग थांबली का, तेही विचारा. इकडे बायकोचा रक्तदाब गोळीवर आहे, माझा उजवा खांदा पाना ओढताना कुरकुरतो. लेक ठणठणीत आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती नाना पेठेत आपल्या गॅरेजात टायरच्या ट्यूबमध्ये झोपायची. आता हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करते आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याच पान्यांनी स्वतःची जीप खोलते. हे पत्र तिनेच लिहायला लावलंय.

मैत्रिणींबरोबर लडाखला जायचं म्हणून तिने जीपला मोठे, जाड नक्षीचे टायर आणले. बसले खरे, पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतून घासायचे. म्हणजे चाक बाहेर सरकवणं आलं. त्याला एक तर नव्या रिमा घ्यायच्या, ज्यांची बैठकच अशी की चाक बाहेर उभं राहतं. नाहीतर जुन्याच रिमा ठेवून आसाच्या टोकाचा हब आणि चाक यांच्यामध्ये स्पेसर घालायचा. ॲल्युमिनियमची जाड चकती असते ती. चकती हबला नटांनी आवळायची आणि चाक चकतीला. मी म्हणालो, रिमा घे, स्पेसर बेअरिंग खाईल. ती म्हणाली, "बाबा, चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर ताण येणारच. रिम बदलली तरी तेवढाच." मला पटलं, पण तोंडाने कबूल केलं नाही. मग मी खरी भीती सांगितली, की चकतीचे नट चाकामागे झाकले जातात आणि सैल पडले तरी चाक काढल्याशिवाय दिसत नाहीत. तिला तेही ठाऊक होतं. पण रिमा यायला वेळ होता आणि मैत्रिणी आठवड्यात निघणार होत्या. घरात आम्ही दोघं मीठ मागण्यापुरतं बोलत होतो. शेवटी तिने स्पेसर आणले आणि मीच बसवले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला असता का?

तुमचा कायदा होता, ज्याने चाक कसलं त्याने पहिल्या फेरीला गाडीत बसायचं. आपण कसलेल्या चाकावर आपलंच बूड ठेवायला भीती वाटत असेल तर गिऱ्हाइकाचं का ठेवता, असं विचारायचात. म्हणून तिच्या शेजारी बसलो. सिंहगड रोडने निघतो. खडकवासल्यापर्यंत सगळं गुळगुळीत. धरणाकडेच्या वळणांना लागतो आणि पुढच्या डाव्या चाकातून टक् टक् सुरू होते. मी म्हणतो, टायरमध्ये खडा अडकला असेल. ती काच खाली करून ऐकते. आवाज वाढतो, स्टिअरिंग तिच्या हातात थरथरायला लागतं. एका अंगाला पाणी, मागे डंपर चिकटलेला, गाडी बाजूला घ्यायला जागा नाही. ब्रेक जोरात मारू नको, हे माझ्या तोंडून निघायच्या आत तिने गिअर उतरवलाय. वळण संपेपर्यंत मी दाराची कडी घट्ट धरून बसलो. जणू कडी धरली की चाक धरल्यासारखं होतं.

एका भजीच्या टपरीपाशी तिने गाडी थांबवली. जॅक लावला. बाहेरचे नट घट्ट होते. चाक काढलं, आणि चकतीचे नट तिने पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरवले. चकती ओढून काढली तर मागून तांबड्या रंगाचे पापुद्रे खाली पडले.

"हा रंग कधीचा?"

"खंडेनवमीचा."

उस्ताद, तुम्हाला आठवत असेल. हत्यारपूजेला झेंडू तुम्ही स्वतः मंडईतून आणायचात, आणि पूजेआधी गॅरेजातल्या प्रत्येक गाडीचे हब घासून त्यांना रेड ऑक्साइडचा हात द्यायला लावायचात. गंज धरू नये म्हणून. तुमचा हात पातळ असायचा. मी मात्र लेकीची गाडी म्हणून मायेने थरावर थर चढवले. स्पेसर बसवताना तो गुळगुळीत रंग बघून मला उलट समाधानच वाटलं होतं. गाडी पळाली तसा तो चकतीखाली चिरडला, बारीक फट झाली आणि नट सैल पडले.

तिने बोट पँटला पुसलं. "उस्तादांची पद्धत?"

"हो."

"मग त्यांना कळवा."

एवढंच म्हणाली. टपरीवाल्याने न मागता चहा आणून ठेवला, तो तिने माझ्याकडे सरकवला. मग आम्ही दोघांनी हब खरवडून लख्ख केले, चारी चाकांचे नट परत आवळले आणि बेताने घरी आलो. उतरल्यावर तिने पुन्हा चाक काढून बघितलं. एक नट हलला नव्हता. म्हणजे आता स्पेसरवर जाता आलं असतं. तिलाही कळत होतं, मलाही. मी पाने पुसून पेटीत ठेवू लागलो. तीच म्हणाली, "बाबा, रोज मुक्कामाला चाक काढून बघेन, असं मी तुम्हाला सांगू शकते. पण मी बघणार नाही. दमलेली असेन, उद्या बघू म्हणेन." मी येत नाही, असा तिने फोन केला. मैत्रिणी गेल्या. आठवडाभर ती गॅलरीत उभी राहून मोबाइलवर त्यांचे बर्फातले फोटो बघायची आणि आईने हाक मारली की खिशात टाकायची.

मी तिची समजूत घालत होतो, डोंगर कुठे पळून जात नाहीत वगैरे. पण तिच्या बोटांनी ते नट फिरले तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं, ते घरात कुणाला सांगितलेलं नाही. भीती नंतर आली. आधी बरं वाटलं, की आता ही जात नाही.

काल रिमा आल्या. ती आता एकटीच जाते म्हणते. चाकं मीच कसणार, हब कोरडे, लख्ख करून, आणि या खेपेला काही सैल निघणार नाही, हीच माझी पंचाईत. हे पाकीट कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही, टेबलाच्या खणातच राहील. तरी चार ओळी लवकर लिहा. ती निघायच्या आत.