रविवारचे आठ तुकडे

रविवार, ३ मार्च

गेला! आजचाही रविवार गेला!

लेकीचं शाळेत नाटक होतं. ती झाड झाली होती. एकच वाक्य होतं तिला, आठवडाभर घरभर म्हणत फिरत होती. आणि मी कुठे? हॉस्पिटलच्या सर्व्हर-रूममध्ये, स्वेटर घालून कुडकुडत.

दर रविवारी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, हा साहेबांचा नियम. चालू झाला की याची स्मरणशक्ती गुल! नेटवर्क कार्ड खरं एकच. त्याचे आठ आभासी तुकडे करायचे आणि आतल्या एकेका मशीनला एकेक द्यायचा – एक्स-रेचं, लॅबचं, औषधांचं. रीबूट झालं की आठही गायब. मग मी आकडा टाकते – ८. मग प्रत्येक तुकड्याचा पत्ता, खडूसच्या वहीत बघून बघून. एक अक्षर चुकलं की लॅबवाले बोंबलतात.

खडूस म्हणजे माझे वरिष्ठ. तोंडावर 'सर'. आज पन्नासाव्यांदा म्हटलं, "सर, सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्सला हे एकदा फाइलमध्ये लिहून दिलं की तो दर वेळी आपलं आपण करतो."

"हातानं टाक. फाइलींच्या नादी लागू नकोस."

का? का म्हणून?

मंगळवार, ५ मार्च

लेक अजून बोलत नाहीये. नवरा म्हणतो, "अगं, आठचा आकडा टाकायला माणूस कशाला लागतं?" याला काय सांगू, कपाळ!

आज मीटिंगमध्ये खडूस साहेबांना म्हणाला, "रविवारी हिच्याशिवाय पान हलत नाही." माझ्यादेखत! गोड बोलायचं आणि गाढवासारखं राबवायचं. तीन वर्षं झाली सहा-सहा महिन्यांच्या करारावर. हा करार मार्चअखेर संपतो. या वेळी नोकरी पक्की झालीच पाहिजे. पण वहीतले आकडे उतरवणाऱ्या बाईला कोण पक्कं करणार? काहीतरी करून दाखवायला हवं.

शुक्रवार, ८ मार्च

खडूस रजेवर. फाइल लिहून टाकली. बघूच आता.

रविवार, १० मार्च

पहिल्यांदा आपटलं. फाइल आधी धावली आणि कार्ड नंतर जागं झालं! 'कार्ड येईपर्यंत थांब' अशी एक ओळ घातली. पुन्हा रीबूट. मी हात मांडीखाली दाबून बसले, कीबोर्डकडे जाऊ नयेत म्हणून.

आठच्या आठ! पत्त्यांसकट! एकटीच टाळ्या वाजवल्या.

सोमवार, ११ मार्च

साहेबांना सगळ्यांसमोर करून दाखवलं. खडूसचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

बाहेर आल्यावर म्हणतो, "आधी मला विचारायचं होतंस गं."

"विचारलं होतं, सर. पन्नास वेळा!"

वही उचलून चालता झाला.

चार वाजता साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, पक्कं झाल्याचं पत्रच देतायत. "उत्तम काम! म्हणजे आता रविवारी कुणीच लागणार नाही. तुमचा करार या महिन्यात संपतोय ना? जाण्याआधी सगळं नीट लिहून द्या."

जाण्याआधी!

हे खडूसचंच काम. त्यानंच कान भरले. वर्षानुवर्षं माझे रविवार खाल्ले, आता नोकरीही खाल्ली मेल्यानं! अंगाचा नुसता तिळपापड होतोय. घरी अजून सांगितलेलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

लिहून द्यायचं म्हणून सर्व्हरवरच्या फाइलींची यादी काढली. माझ्या फाइलीशेजारी आणखी एक निघाली, बंद करून ठेवलेली. आठ तुकडे, आठ पत्ते, कार्डासाठी थांबायची ओळसुद्धा. खडूसच्या नावावर. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

वर त्यानं टीप लिहिली आहे – 'तपासलं, चालतं. पोरीची नोकरी पक्की होईपर्यंत सुरू करायचं नाही.'